नातीची वार

धाकट्या लेकाच्या, पप्पूच्या लग्नाचा मांडव पडला, ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली थोरल्या सुनेला, मीनाला, चौथ्यांदा दिवस गेले. आधीची तिन्ही पोटातच गेली होती. त्यामुळं केदारखेड्यातल्या त्या घरात या वेळी कोणी पेढ्याचं नाव काढलं नाही. सासरे कचरूआबा तर सुनेसमोर मोठ्यानं खोकायलाही भीत.

मीनाला भेटायला आकांक्षा येऊ लागली. मूळची मंठ्याची, आता संभाजीनगरला गर्भारपणावर संशोधन करायची. एकदा चहा घेताना ती म्हणाली, "आबा, बाळंतपणात बाळामागून वार पडते ना, तिचा तुकडा मला पाहिजे. बोटाच्या पेराएवढा. मीनाताई हो म्हणाल्यात."

आबांचा चहा बशीतच राहिला. "वार अख्खी पुरायची असती, बाई. आपल्याच अंगणात. तवाच लेकरू जगतं."

"काय शोधून राह्यलीस तू त्या वारेत?" सासू नंदाबाईंनी विचारलं.

"काकू, काटा रुतला तर अंग पू करून त्याला बाहेर काढतं. परकं काही ठेवत नाही. लेकरू तर अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला परकंच. तरी नऊ महिने राहतं. वारेपाशी आईचं अंग आपल्या राखणदार पेशींना शांत बसवतं, लेकराला बघून न बघितल्यासारखं करतं. काही जणींना तेच साधत नसावं."

नंदाबाई हसल्या. "हे तर ह्यांच्या नावासारखं झालं! सासूबाईंची आधीची लेकरं जगली न्हाईत. मंग ह्यांना उकिरड्यावर ठिवलं, सुपात घालून परत आणलं, आन् तसलं नाव ठिवलं. मरणानं बघावं आन् म्हणावं, ह्यो तर केर, कशाला उचलू!"

"कसलं नाव?" आकांक्षानं मुद्दाम विचारलं.

"चल, चावट! लगीन झाल्यापून घेतलं न्हाई, आता तुझ्यापायी घेऊ व्हय?"

आबा मात्र हसले नाहीत. शाळेत मास्तरांपासून सगळे त्या नावाला हसले होते. आपल्या आईनं केलं, तसंच काहीसं प्रत्येक आईचं अंग गुपचूप करतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

"कडेचा तुकडा घे," बशीतला चहा संपवून ते म्हणाले. "मधला बिलकुल न्हाई."

पौषात तालुक्याच्या दवाखान्यात मीनाला मुलगी झाली. तिचं रडणं व्हरांड्यातल्या आबांना ऐकू आलं. नर्सनं वार पिशवीत घालून त्यांच्या हाती दिली. आकांक्षा बर्फाचा डबा घेऊन येईपर्यंत आबांनी घरून पुडीत आणलेली मीठ-हळद वारेला चारी अंगांनी चोळली होती. पुरायच्या आधी चोळतात, तशी. नातीची वस्तू परक्या गावाला जायची, तर नीट करून द्यावी.

आकांक्षाचा चेहरा उतरला. "आबा... मीठ लावलं?"

"चुकलं का?"

"कड गेली. मिठानं तिच्यातला जीव जातो." तिनं डब्याचं झाकण लावलं. "राहू द्या. मायेनंच केलंत तुम्ही."

आबांनी हळदीचे हात धोतराला पुसले. "आन् मधी?"

तिनं वार निरखली. "नाळेच्या मुळापाशी अजून पोचलं नसेल. पण तुम्ही नको म्हणाला होतात."

आतून मीनाचा बारीक आवाज आला. "आबा, द्या हो. माझ्यासारखं आणखी कुणाचं व्हायला नको."

आबांनी दारातून बघितलं. पोर मीनाच्या कुशीत होती. एवढीशी छाती वर-खाली होत होती. तिच्यावरची नजर न काढता त्यांनी वार दोन्ही तळहातांवर घेऊन पुढं केली.

"काप. जल्दी कर, माझा हात कापायच्या आत."

उरलेली वार त्यांनी अंगणात शेवग्याखाली पुरली. मुलीचं नाव अक्षता ठेवलं. वर्षभरानं आकांक्षा आली ती थेट तिला उचलून घेत म्हणाली, "आबा, तुम्ही दिलेल्या तुकड्यात राखणदार दिसले. शांत बसलेले. असं का, ते अजून शोधतेय."

"बसू दे बापड्यांना," आबा म्हणाले. "उठवू नकोस."

पुढं एके दिवशी आकांक्षाचा फोन वाजला. पलीकडं रडणं होतं, शब्द कळेना. "कोण गेलं, काकू?" तिनं तीनतीनदा विचारलं.

"कचरू," नंदाबाई म्हणाल्या. "कचरू गेले."

दोन हजार पंचवीसच्या कार्तिकात, दुपारच्या झोपेत, कचरूआबा वारले. अक्षता तेव्हा अंगणात पळत होती.