मागची सीट

…धूळच होती ती. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला, साडीगार्डच्या खाली, बाईमाणसानं पाय टेकवावेत म्हणून जी लहानशी पट्टी असते, त्या पायदानावर पिठासारखी बारीक धूळ बसली होती, आणि ओमेश्वर हातात फडकं धरून, उकिडवा बसून तिच्याकडे नुसता बघत होता. टाकी पुसून झाली होती, आरसे झाले होते, एवढंच राहिलं होतं. इतकी वर्षं हे पायदान त्याला कधी पुसावंच लागलं नव्हतं. रविताच्या चपलांनी ते घासून घासून आपोआप लख्ख राहायचं, मधला रंग उडून आतलं लोखंड दिसायचं. आता त्या उघड्या लोखंडावरही धूळ… त्यानं बोट टेकवलं, ठसा उमटला, आणि का कोण जाणे, पुसायचं सोडून त्यानं ते तसंच ठेवलं. राहू दे. दिसू दे तिला.

पण तिला कशाला दिसतंय! फाटकाबाहेर हॉर्न वाजला – दोनदा, हलकेच, घरातल्या म्हाताऱ्यांची झोपमोड होऊ नये अशा बेतानं – आणि रविता पिशवी खांद्याला लावून त्याच्या अंगावरून, धुळीवरून, मोटारसायकलवरून सरळ पुढे निघून गेली.

"जाऊन राहिली मी. डबा ओट्यावर ठेवला तुमचा."

पांढऱ्या गाडीचं मागचं दार आतून कुणीतरी उघडलं. आतून उघडलं, हे त्यानं नीट पाहिलं. म्हणजे तिला दाराला हातही लावावा लागत नाही. ती येतेय हे आत बसलेल्यांना दिसतं, आणि कुणीतरी सरकून जागा करतं, कुणीतरी कडी ओढतं. त्याच्या गाडीवर बसताना ती एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून उडी मारल्यासारखी बसायची, आणि बसली की नाही ते त्याला स्प्रिंग दबल्यावरून कळायचं. मागे वळून पाहायची गरज त्याला कधी पडली नव्हती.

गाडी टेकचंदची. टेकचंद रविताच्याच कचेरीतला, मोठा कारकून. आता हा टेकचंद मत्सर करावा असा माणूस असता तर ओमेश्वरचं काम सोपं झालं असतं. पण गडी पोट सुटलेला, हिवाळाभर कानात कापूस घालून फिरणारा, गाडी लागणाऱ्यांसाठी समोर बडीशेपेची डबी ठेवणारा. असल्या माणसावर जळायचं म्हणजे आपल्याच मनाची शोभा. तरीही ओमेश्वर जळत होता. दिवाळीपासून रोज सकाळी त्या दोन हॉर्नांच्या मधल्या क्षणात त्याच्या हातातलं फडकं थांबायचं, आणि मग दिवसभर – युरियाचे भाव सांगताना, बियाण्याच्या पिशव्या मोजताना – ते दोन हॉर्न त्याच्या कानात वाजत राहायचे.

खरं तर सुरुवात झाली ती गोंदियाच्या बाजारात तो काम करायचा त्या खत-बियाण्यांच्या दुकानाच्या गल्लीपासून, असं तो समजत होता. गल्ली मुळात दोन बैलगाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील एवढी. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, घरोघरी मोटारसायकली आल्या, मग कार आल्या, आणि गल्ली राहिली तेवढीच. अखेर पोलिसांनी पाटी लावली, शेठलोकांनी नोकरांना बजावलं – दुकानासमोरची जागा गिऱ्हाइकाची. ओमेश्वरला मोटारसायकल स्टेशनच्या स्टँडवर लावून बाजारात पायी यावं लागू लागलं, त्यासाठी गोरेगावच्या घरून लवकर निघावं लागू लागलं, आणि रविताची कचेरी पडली शहराच्या दुसऱ्या टोकाला. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "टेकचंदभाऊच्या गाडीत एक जागा आहे म्हनतेत. आमच्या कचेरीच्याच गुंजन अन् सुशिलाबाई त्यातच अपडाऊन करून राहिल्या. पेट्रोल वाटून घेतेत."

"जा ना," तो म्हणाला होता. "मी कायले नाही म्हनतो?"

हे म्हणताना त्याला पक्की खात्री होती की ती म्हणेल, राहू द्या, तुमच्यासंगच बरी. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसून गेली.

स्टँडवर शेडखालची जागा मिळवायची तर त्यानं तिच्या आधी निघायला हवं होतं. पण अलीकडे तो मुद्दाम रेंगाळायचा. आजही पांढरी गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं किक मारली आणि कारंजा गावाच्या अलीकडे तिला गाठलं. गाठलं, पण ओलांडलं नाही. दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं, शेतात पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, त्यांच्यावर अजून धुकं. आणि समोर ती मागची काच. काचेत तीन डोकी. डावीकडचं मोठ्या अंबाड्याचं ते सुशिलाबाईचं, मधलं लाल स्कार्फवालं ते गुंजनचं, आणि उजवीकडचं… ते डोकं हलत होतं. ते एकदा गुंजनकडे वळलं, एकदा पुढे झुकलं, मग हात वर आला आणि त्या हातानं हवेत काहीतरी गोल दाखवलं, आणि तिन्ही डोकी एकदम मागे गेली. हसत होत्या. रविता काहीतरी सांगत होती आणि बाकीचे हसत होते.

आपली बायको बोलत नाही, असं ओमेश्वर सगळ्यांना सांगायचा. तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानंच. आमची रविता गरीब गाय, तोंडातून शब्द नाही. मग हा हात कुणाचा? हे गोल काय होतं – भाकर, सूर्य, कुणाचं पोट? एवढ्याशा काचेपलीकडे एक बाई बसली होती जी त्याला माहीत नव्हती, आणि टेकचंदला, कानात कापूस घातलेल्या त्या माणसाला, ती रोज फुकटात ऐकायला मिळत होती… त्यानं ॲक्सिलेटर पिळला आणि गाडीला घासून पुढे निघून गेला. आरशात पाहिलं तर हात खाली गेलेला.

दुपारी दुकानाच्या मालकानं, चुन्नीलाल शेठनं, त्याला गल्ल्याजवळ बोलावलं. उशिरा येण्याबद्दल बोलणी बसणार म्हणून तो तयारीनंच गेला.

"ओमेश्वर, पीछेवाला गोदाम खाली हुआ है. तेरी गाड़ी वहीं लगा दिया कर. स्टेशन से पैदल आने में आधा दिन निकल जाता है तेरा."

मागचं गोदाम! ओमेश्वरला शेठच्या पाया पडावंसं वाटलं. स्टँड नाही, पायपीट नाही, लवकर निघणं नाही. म्हणजे कचेरीवरून वळसा घालून यायला वेळच वेळ. म्हणजे टेकचंदच्या गाडीचं कारणच उरलं नाही. स्टँडवरून मोटारसायकल आणून त्यानं गोदामात लावली, बाहेर येऊन कुलूप दोनदा ओढून पाहिलं. आता घरी जाऊन सांगायचं? छे. तिथंच सांगायचं, टेकचंदसमोर, सगळ्यांसमोर – उद्यापासून ही माझ्यासंग येईल, तुम्ही दुसरी सवारी पाहा. आणि ती गाडी… एकदा ती गाडी आतून बघायची होती. काय असतं तिच्यात, की माणूस आत बसला की बोलायला लागतो. म्हणून दुकान लवकर सुटताच मोटारसायकल गोदामातच ठेवून तो सहासिटर ऑटोत बसला आणि कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"गाडी मिस्त्रीकडे टाकली," त्यानं सांगितलं. खोटं बोलताना तो रविताकडे बघत नव्हता.

"मंग बसा ना जी भाऊ, पुढं बसा!" टेकचंदनं समोरच्या सीटवरचा स्वतःचा डबा उचलून पायाशी ठेवला. मनापासून आनंद झाला होता त्याला, हे आणखी एक.

पुढं बसल्यावर ओमेश्वरच्या लक्षात आलं, ती पुन्हा त्याच्या पाठीमागेच आली. फुलचूर गाव मागे पडलं. त्याच्या येण्यानं गाडी गप्प झाली होती, आणि त्याचंही त्याला बरं वाटत होतं, वाईटही वाटत होतं. मग गुंजनला राहवेना.

"ताई, ते सकाळचं अर्धंच राहिलं. साहेबाच्या छत्रीचं."

"राहू दे वो."

"सांगा ना! घर येऊन जाईल."

आणि रविता सांगू लागली. काचा वर केलेल्या होत्या, इंजिनाचा आवाज दूर राहिलेला. त्या बंद जागेत तिचा आवाज त्याच्या मानेमागून, अगदी जवळून आला – स्वच्छ, चढउतार घेणारा, साहेबाची अर्धी हिंदी अर्धी मराठी जशीच्या तशी उचलणारा, मध्येच थांबून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणारा. साहेबाची छत्री शिपायानं वाळत टाकली, माकडानं नेली, झाडावर उघडली… टेकचंद स्टिअरिंगवर हात मारून हसत होता. ओमेश्वरही हसला, सगळ्यांच्या नंतर, थोडा जास्त. हे सगळं आपल्या घरातलं, असं त्याला वाटत होतं. आपल्या कणगीतलं धान लोक पसापसानं नेताहेत आणि आपण दारात उभे राहून हसतोय.

"अशी हासली पायजे पोरगी," सुशिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नाही तं मागच्या हप्त्यापावतर तोंड कसं सुकून गेलतं इचं. देवानं आयकलं माय, रिपोर्ट साधा आला."

गुंजननं सुशिलाबाईंचा हात दाबला असावा, बांगड्या वाजल्या. टेकचंद फार लक्षपूर्वक रस्ता पाहू लागला.

"कोनता रिपोर्ट?"

रविताच बोलली. आवाज तोच होता, छत्रीचा.

"छातीत गाठ होती. तपासाले देल्ली होती. साधी निघाली."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं ना. दसऱ्याच्या आधी, गाडीवर. गुरुवारी डॉक्टरकडे जाचं आहे, सोबत येता का म्हनून इचारलं. तुमी हव म्हनले. मी कचेरीच्या फाटकापाशी उभी होती. मंग गुंजन आली सोबत."

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

हव. म्हणाला असेल. डोक्यावर हेल्मेट, खाली कानाभोवती दुपट्टा गुंडाळलेला, वरून वारा. मागून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत, आणि दर थोड्या वेळानं तो मागे एक हव टाकून द्यायचा. लग्नानंतरच्या वर्षांत तर ती सारखी बोलत असायची, गोरेगाव ते गोंदिया. मग कमी झालं, मग बंदच झालं, आणि त्याला वाटलं होतं की सांगण्यासारखं संपलं असेल, संसारात संपतंच. किती गोष्टींना हव म्हणालो आपण? …तो गुरुवार त्याला आठवला. ती उशिरा आली म्हणून तो फणफणला होता, पाणी दिलं तर घेतलं नव्हतं. म्हणजे गल्ली नाही, पाटी नाही, स्टँड नाही. त्या गुरुवारनंतर ती केव्हाच उतरून गेली होती. पार्किंगचं निमित्त तिला नुसतं आयतं सापडलं.

आणि या तिघांनी… रोज सकाळी दोन हॉर्न वाजवून हे लोक तिला घेऊन जायचे, आणि त्या काचांच्या आत बसून तिच्यासाठी घाबरायचे. मागच्या काचेतून त्यानं जी तीन डोकी पाहिली होती, ती सगळे दिवस काही हसत नसणार. टेकचंदनंसुद्धा भीतीचा आपला वाटा उचलला होता, पेट्रोलसारखा. असूया त्याला आता अशी झाली की सकाळची पोरखेळ वाटावी. त्यांनी तिचं हसू ऐकलं याची नव्हे. ती मरणाला भ्याली तेव्हा हे जवळ होते, आणि ती भीती वाटून घेऊन, वापरून, संपवूनही टाकली होती. नवऱ्याच्या वाट्याला काही ठेवलं नव्हतं.

गोरेगावला गाडी थांबली. "रामराम भाऊ," टेकचंद म्हणाला, नेहमीपेक्षा हळू. सुशिलाबाईंनी काचेतून हात जोडल्यासारखं केलं. गाडी गेली आणि दोघं घराच्या वाटेला लागले. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन परतत होते. मागच्या गोदामाची बातमी त्याच्या तोंडात होती, दिवसभर घोळवलेली, आणि ती कुठल्या शब्दानं सुरू करायची हेच त्याला सुचेना. काय सांगणार – की जागा मिळाली?

"आता… काही नाही ना पन?" त्यानं विचारलं.

"नाही. सहा महिन्यानं परत दाखवाले बलावलंन डॉक्टरनं. बस."

सहा महिन्यांनी. ओमेश्वरच्या छातीत एकदम उजाडल्यासारखं झालं. म्हणजे संपलं नव्हतं! पुन्हा जायचं होतं. पुन्हा ते फाटक, तो बाक, ती रिपोर्टची वाट, आणि या वेळी तो सगळ्यांच्या आधी तिथं असणार होता, गुंजनच्या आधी. सुशिलाबाई विचारतील तेव्हा तो सांगणार होता. चालता चालता तो ते दिवस पुढे ढकलू लागला – होळी, मग लग्नसराई, मग एकदाचा तो दिवस – आणि जत्रेच्या वाटेवर लागतं तसं त्याचं पाऊल हलकं पडू लागलं…

मग त्याला कळलं की आपण कशाची वाट बघतो आहोत – तिच्या पुन्हा भिण्याची – आणि तो रस्त्यातच थांबला.

"काऊन थांबले?" रविता पुढून म्हणाली.

त्यानं मान हलवली. काही नाही. ती वळून चालू लागली, आणि तो तिच्या मागे निघाला, मनातून तो दिवस पुसायचा प्रयत्न करत. पण घर येईपर्यंत त्याला तो पुसता आला नाही, आणि तो यावा असं वाटायचंही थांबलं नाही.