वरचा थर

"ताई, बाण कुठून निघतो?" सरांनी विचारलं आणि अख्खा वर्ग माझ्याकडे वळला.

सरसुद्धा मला ताईच म्हणायचे. वास्तविक ते माझ्या बाबांच्या वयाचे. पण वर्गात माझी धाकटी बहीण होती. ती मला ताई म्हणायची, मग तिच्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, मग मागच्या बाकावरची टवाळ पोरं आणि शेवटी सर. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या त्या वर्गात मी तिसऱ्यांदा बसले होते आणि छोटी पहिल्यांदा. शाळेत ती माझ्यामागे दोन इयत्ता असायची. मी जागची हलले नाही म्हणून तिनं मला गाठलं, यात नवल करण्यासारखं काही नाही.

फळ्यावर दोन रेणू काढलेले होते. एकाजवळ उणे चिन्ह होतं, दुसऱ्याजवळ अधिक. मी उठले, खडू घेतला आणि अधिककडून उणेकडे बाण काढला. सर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी माझा बाण हातानंच पुसला आणि उलट्या दिशेनं काढला.

"ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत तो देणार. ज्याच्याकडे नाही तो काय देईल?"

इतकी साधी गोष्ट. मी मान डोलावून जागेवर येऊन बसले. मान डोलावण्यात मात्र मी एव्हाना चांगलीच तयार झाले होते.

मी अभ्यास करत नव्हते असं कुणी म्हणू नये. माझ्याइतका अभ्यास त्या वर्गात कुणीच करत नव्हतं. पुस्तकातली प्रत्येक अभिक्रिया मला पानासकट पाठ होती. कोणती आकृती उजव्या पानावर आहे आणि कोणत्या आकृतीखाली छपाईची शाई पसरली आहे, तेही सांगितलं असतं. पण प्रश्नपत्रिकेत तीच अभिक्रिया जरा कुशीवर वळवून दिली, की मला ती ओळखू यायची नाही. रोज येणाऱ्या पाहुण्यानं दाढी काढावी आणि आपण त्याला दारातूनच परत पाठवावं, तशी गत व्हायची. पहिल्या वर्षी वाटलं, अभ्यास कमी पडला. दुसऱ्या वर्षी दुप्पट केला आणि गुण आणखी कमी पडले. तेव्हापासून पोटात एक भीती बसली ती उठलीच नाही. कमी पडत होतं ते अभ्यासात नव्हतं, माझ्यातच होतं. आणि ते कुठे मिळतं, हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

आणि वाईट हे की मला हा विषय आवडायचा. बाबा घरं रंगवायची कामं करतात. संध्याकाळी ते आले, की त्यांच्या अंगाला थिनरचा वास यायचा. लहानपणी मी त्यांच्या सदऱ्याला नाक लावून विचारायचे, यात काय असतं? ते म्हणायचे, ते कॉलेजात शिकवतात. तेव्हापासून मला कॉलेजात जाऊन तेच शिकायचं होतं. माझ्या डोक्यात हे कुणी भरवलेलं नव्हतं, त्यामुळे आता दोष द्यायलाही कुणी नव्हतं.

नियम असा होता, की एका विषयाला तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदाही गेला, तर नाव पटावरून कमी होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलायचं नाही. आई माझ्यासमोर चहाचा कप हल्ली फार हळू ठेवायची, जणू मी झोपलेली आहे.

छोटी मला शिकवायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. लहानपणी ह्याच टेबलावर मी तिच्याकडून पाढे घोकून घेतले होते. चुकली, की पुन्हा एकपासून म्हणायला लावायचे. आता ती पेन्सिल घेऊन माझ्यापुढे रेणू काढायची आणि इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत, ते दाखवायची. तिला ते दिसायचं. खरोखरच दिसायचं, मांजर दिसावं तसं.

"पाठ नको ना करूस, ताई. नुसतं बघ."

"बघतेच आहे."

"नाही बघत. तू वाचतेस."

एकदा तिनं पेन्सिल टाकून दिली आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. तिला माझा राग आला नव्हता. तिला सांगता येत नव्हतं, म्हणून ती रडत होती. मी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, कळलं मला आता. कळलं नव्हतं. तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी दारातूनच विचारलं, होतंय ना? छोटीनं डोळे पुसत सांगितलं, होतंय.

आणि थोडंफार झालंही. लेखी परीक्षेत मी सुटले. अगदी काठावर, पण सुटले. आईनं त्या दिवशी चहाचा कप नेहमीसारखा आपटून ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला. आता उरली होती ती फक्त प्रात्यक्षिक परीक्षा, आणि प्रात्यक्षिकाची मला भीती नव्हती. माझा हात स्वच्छ होता. काचेचं भांडं माझ्या हातून कधी फुटलं नाही. माझं टेबल सबंध वर्गात सगळ्यांत नीटनेटकं असायचं. वापरून झालेली वस्तू मी क्षणभरही तशी ठेवायचे नाही, लगेच धुऊन जागेवर. सरांनी एकदा सगळ्यांना बोलावून माझं टेबल दाखवलं होतं. तीन वर्षांतलं माझं एवढंच कौतुक, ते मी जपून ठेवलं होतं.

परीक्षेत एका पदार्थापासून दुसरा पदार्थ बनवायचा होता. अभिक्रिया झाली, की तो पाण्यात गढूळ होऊन तरंगतो. मग ते सगळं नळी लावलेल्या चंबूसारख्या नरसाळ्यात ओतायचं, वरून एक द्रावक घालायचा आणि हलवायचं. पदार्थ पाण्यातून द्रावकात जातो. नरसाळं स्थिर ठेवलं, की दोन थर पडतात, एक पाण्याचा आणि एक द्रावकाचा. खालची तोटी उघडून खालचा थर काढून घ्यायचा. हवा तो ठेवायचा, सुकवायचा, द्रावक उडवून लावायचा. शेवटी पांढरी पूड उरते. ती वजन करून छोट्या बाटलीत भरायची, बाटलीला चिठ्ठी लावायची आणि ट्रेमध्ये ठेवायची.

वर्षभर आम्ही हे ईथर घालून केलं होतं. ईथर पाण्यापेक्षा हलकं, ते वर राहतं. वरचा थर ठेवायचा, खालचा टाकायचा. हे मला इतकं पाठ होतं, की हात आपोआप चालायचे.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, ईथरऐवजी डायक्लोरोमीथेन वापरावे. प्रयोगशाळेतल्या मामांनी टेबलांवर नव्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. मी फळा वाचला. नीट वाचला, दोनदा वाचला. नाव बदललंय, एवढंच मला त्यात दिसलं.

छोटी माझ्या शेजारच्याच टेबलावर होती. आडनाव एकच, त्यामुळे बैठक क्रमांकही लागोपाठचे. मी तिच्याकडे बघत नव्हते. मला बघायची गरज वाटत नव्हती, हे लिहितानाही हसू येतं. माझं काम छान चाललं होतं. नरसाळं हलवलं, मध्ये मध्ये वाफ सोडली, स्टँडच्या कड्यात अडकवलं. दोन थर काचेसारखे लख्ख दिसायला लागले. मी तोटी उघडली, खालचा थर भांड्यात घेतला, टेबलाच्या टोकाला जाऊन टाकाऊ द्रावणांच्या मोठ्या डब्यात ओतला, भांडं विसळलं आणि जागेवर ठेवलं. सर सांगायचे, पूड हातात येईपर्यंत कुठलाही थर टाकू नका. पण टेबलावर बिनकामाचं भांडं राहिलेलं मला बघवायचं नाही.

मग राहिलेला वरचा थर मी सुकवायला घेतला. त्यासाठी पाणी शोषणारी एक पांढरी भुकटी घालायची असते. ओलावा थोडाच असतो, त्यामुळे आधी ती तळाशी चिकटते, मग आणखी घातली, की मोकळी होऊन द्रवात भुरभुर फिरायला लागते. माझी भुकटी फिरेना. मी आणखी घातली, तिचा गोळा झाला. आणखी घातली, गोळा मोठा झाला. भांडं हाताला कोमट लागायला लागलं, मग गरम. मी ढवळत राहिले आणि ढवळता ढवळता मला कळलं, की मी पाणी सुकवते आहे.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती आणि मी तिच्यावर उभी होते, हाच त्रास होता. टेबलाच्या टोकाला तो डबा होता. त्यात सगळ्या वर्गाचं टाकाऊ पाणी होतं आणि त्यातच कुठेतरी माझं सगळं होतं. मी बघत असताना एका पोरानं येऊन त्यात आणखी काहीतरी ओतलं.

छोटीला दिसलं. तिनं माझ्या हातातला तो गोळा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. परीक्षक पलीकडे पाठमोरे होते. तिनं आपला चंबू टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"ताई, अर्धं ओत. पटकन."

तिचं द्रावण इतकं नितळ होतं, की त्यातून टेबलाचा ओरखडा दिसत होता. मी चंबूला हात लावला. खोटं कशाला सांगू, लावला. पकडले गेलो असतो तर दोघींचीही नावं गेली असती, पण त्या क्षणी हा विचार माझ्या मनात आलाच नाही. मनात आलं ते एवढंच, की हे तिनं बघून केलंय. मी चंबू परत सरकवला.

"पुढे बघ," मी म्हटलं.

वेळ बराच शिल्लक होता आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. समोर ती पाणी शोषणारी भुकटी पडली होती, दिसायला अगदी हव्या त्या पुडीसारखीच पांढरी. बाटलीत भरली असती तर ट्रेमध्ये ओळखू आली नसती. चमचाभर घेतलीही. मग मला स्वतःची फार कीव आली आणि मी चमचा धुऊन ठेवला. तीन वर्षं न कळणाऱ्या गोष्टी मी कळल्यासारख्या लिहीत आले होते. निदान आज बाटलीत काय आहे, ते तरी खरं असू दे, असं वाटलं.

तोंडी परीक्षेला नंबर आला. बाहेरचे परीक्षक थकलेले, पण स्वभावानं बरे वाटत होते. शेजारी आमचे सर होते. पूड कुठे आहे, असं परीक्षकांनी विचारलं. मी सांगितलं, टाकून दिली. त्यांनी चष्मा वर केला. मग मी पहिल्यापासून सांगत गेले. या द्रावकाच्या रेणूत क्लोरीनचे दोन अणू असतात, क्लोरीन जड, म्हणून द्रावक पाण्यापेक्षा जड, म्हणून तो खाली बसतो, म्हणून पदार्थ खालच्या थरात होता. हे मी कुठे पाठ केलेलं नव्हतं. बोलता बोलता मला ते दिसत होतं. त्यांनी कागद पुढे करून अभिक्रिया विचारली. मी रेणू काढले, इलेक्ट्रॉन जिथे होते तिथून बाण काढला आणि जिथे नव्हते तिथे नेला. सर कागदावर वाकून बघत होते.

"अहो, हिला येतंय की," परीक्षक सरांना म्हणाले.

सरांनी तो कागद परत माझ्याकडे सरकवला. त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तोंडीचे गुण वेगळे, पुडीचे वेगळे आणि पूड नसेल तर प्रात्यक्षिकात उत्तीर्ण करता येत नाही. परीक्षकांनी कागदांची चळत उलटसुलट केली, नियम कुठे वाकतोय का ते बघितल्यासारखं केलं आणि मग हळूच म्हणाले, "हे जरा आधी कळायला हवं होतं, बाळ."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते माझ्यावर दया करत होते आणि मला त्या दयेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मला कळली होती आणि ती कळल्याबरोबर माझ्या काही उपयोगाची राहिली नव्हती.

मी टेबलावर परत आले. बाटली घेतली, पुसली. चिठ्ठीवर क्रमांक लिहिला, पदार्थाचं नाव लिहिलं, वजनासमोर शून्य लिहिलं. चिठ्ठी सरळ चिकटवली, कोपरे बोटानं दाबले आणि बाटली ट्रेमध्ये माझ्या खाचेत ठेवली. अलीकडे छोटीची बाटली होती, पलीकडे आणखी कुणाची. दोन्हीत पांढरी पूड होती.

छोटी दाराबाहेर थांबली होती. तिनं आपला कोट काढून हातावर घेतला होता आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत उभी होती. घरी जाऊन बाबांना कोण सांगणार, हे आमच्यात अजून ठरायचं होतं.

मामा टेबलं आवरत आले. त्यांनी ट्रे उचलला, बाटल्यांवरून नजर फिरवली आणि माझी रिकामी बाटली तेवढी काढून धुवायच्या भांड्यांत टाकायला निघाले.

"मामा, ती माझी आहे," मी म्हटलं. "राहू द्या."

त्यांनी बाटली उजेडात धरली. डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचली, खालपर्यंत वाचली. मग सदऱ्याच्या टोकानं बाटलीवरचे आपल्या बोटांचे ठसे पुसले आणि ती परत ट्रेमध्ये, माझ्या क्रमांकाच्या खाचेत उभी करून ठेवली.