‘येत नाही’चा रकाना

वनमालाबाईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि ‘येत नाही’च्या रकान्यात चौथी ओळ लिहिली: विद्यार्थ्याचं नाव ऑनलाइन दुसऱ्या शाळेत पाठवणं.

कॉम्प्युटरमध्ये आपलं काय पक्कं, काय कच्चं, ते प्रत्येक शिक्षकानं प्रामाणिकपणे लिहून द्यायचं होतं. असले कागद काढणाऱ्यांनी कधी वीज गेलेल्या शाळेत बसून माहिती भरली नव्हती. तरी बाईंनी ‘येतं’खाली मराठी टायपिंग लिहिलं, निकालपत्रक लिहिलं. ‘येत नाही’खालच्या पहिल्या तीन ओळीही खऱ्या होत्या. प्रोजेक्टर जोडायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

चौथी ओळ खोटी होती.

तेवढ्यात दारात गुंडाप्पा आला, खांद्यावर घोंगडी. परंड्याहून दोन एसट्या बदलून, महिन्यात दुसऱ्यांदा. मेंढरं तिकडं नेल्यापासून त्याची पोरगी प्रतीक्षा तिथल्या शाळेत बसत होती, पण नाव इथंच अडकलेलं. नाव नाही म्हणून पुस्तकं नाहीत, गणवेश नाही. मागच्या खेपेला बाईंनी त्याला सांगितलं होतं, मला त्यातलं काही जमत नाही.

शाळेचा पट दहाचा. नऊ झाला की शाळा पलीकडच्या गावाला जोडणार, अशी हवा होती. मग पहिलीतली पोरं रोज हायवे ओलांडणार. त्यांच्यासाठी बाई एका पोरीचं नाव दाबून बसल्या होत्या. रिटायर व्हायला आलेल्या बाईला कॉम्प्युटर येत नाही, हे कुणालाही लगेच पटतं.

गुंडाप्पा भांडायला आला नव्हता. उंबऱ्यावरच टेकला.

“पोरगी म्हणली, बाईला रागावू नगा. दिवाळीला आले की म्याच शिकवते म्हणली बाईला. मला तर लई हसू आलं.”

बाईंना हसू आलं नाही. त्या उठल्या, कॉम्प्युटर सुरू केला. परंड्याच्या शाळेची विनंती दोन महिने तशीच पडून होती. ती त्यांनी उघडली, मंजूर केली. बोट कुठं अडखळलं नाही. पडद्यावर पटाचा आकडा नऊ झाला.

गुंडाप्पा मागं येऊन उभा राहिला होता. शंभर मेंढरांतलं लंगडं एका नजरेत हेरणारा माणूस तो.

“बाई, तुमाला तर येतंय.”

“येतंय.” बाईंची मान खालीच होती. “आधीपासून येतंय.”

व्हरांड्यात पोरांचे पाढे चालू होते.

“प्रतीक्षाला खरं ते सांगा,” बाई म्हणाल्या.

गुंडाप्पानं घोंगडी झटकली, पुन्हा खांद्यावर टाकली.

“न्हाय सांगत. दिवाळीला यील ती. शिका तिच्याकडनं.”