डाव्या हाताची नाडी

“सर, मला माझी नाडीच लागंना,” नववीतली कस्तुरा म्हणाली, तेव्हा सगळा वर्ग हसला.

सिताराम सरही हसले. बोरीच्या शाळेत त्या दिवशी ते रक्ताभिसरण शिकवत होते. हृदयातून निघालेलं रक्त बोटांच्या टोकापर्यंत कसं पोचतं ते. “आण इकडं,” म्हणत त्यांनी तिच्या उजव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. ठोके स्वच्छ लागले. मग डावं मनगट धरलं आणि त्यांचं हसू मावळलं. तिथं काहीच नव्हतं. कोपराच्या खळग्यात पाहिलं, तिथंही नाही. हात थंडगार.

“हा हात दुखतो का गं?”

“घागर उचलली की लय भरून येतो, सर. आई म्हणती, कामचुकार हाय.”

शाळा सुटल्यावर सिताराम थेट तिचे वडील आबासाहेब यांच्या दारात जाऊन उभे राहिले. नामांतराच्या दंगलीला अजून वर्ष झालं नव्हतं. सितारामांसारखा बौद्धवाड्यातला माणूस सवर्णांच्या त्या आळीत कामाशिवाय पाय ठेवत नसे. पोरीच्या हाताकडं रक्त जात नाही, मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मास्तर, पोरीचा हात तुमी धरला?”

सिताराम थिजले. आपण काय सांगतोय आणि हा माणूस काय ऐकतोय, हे कळायलाच त्यांना वेळ लागला.

दाराआडून पार्वतीबाई बाहेर आल्या. लेकीची दोन्ही मनगटं त्यांनी स्वतः चाचपली. “अवो, हितं कायबी लागत न्हाई,” म्हणत त्यांनी तिचं डावं मनगट नवऱ्यापुढं धरलं.

आठ दिवसांत सितारामांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. गाव, झरी. त्याच आठवड्यात औरंगाबादच्या डॉक्टरांनी कस्तुराला तपासून सांगितलं, खांद्याजवळची धमनी आखडलीय. आणखी उशीर झाला असता, तर मेंदूकडचं रक्तही अडलं असतं.

एस.टी. सुटायच्या वेळेला आबासाहेब धापा टाकत आले. “मास्तर, चुकलं माझं. वर वळख हाय आपली. उद्याच हुकूम माघारी घ्यायला लावतो.”

सितारामांच्या मनात आलं, एका शब्दावर जायचं, एका शब्दावर यायचं! बारा वर्षांची नोकरी एवढीशीच होती तर.

“राहू द्या, आबासाहेब. झरीलाबी लेकरं हायत. कस्तुराचं औषध तेवढं चुकवू नका.”

ट्रंक टपावर चढवायला आबासाहेबांनी हात पुढं केला. सितारामांनी ती आधीच खांद्यावर घेतली होती.