चाकामागे पडलेला दोर

मी उड्या मारायचा लांब दोर बोलतोय. जपानमधल्या नागानोतल्या एका डोंगरी शाळेच्या व्यायामशाळेत माझा मुक्काम. दोघं दोन टोकांना धरून मला फिरवतात. अख्खा वर्ग एकामागोमाग आत शिरतो, उडी मारतो, पलीकडे बाहेर पडतो. क्रीडादिनाला वर्गावर्गांत चुरस असते, ठरल्या वेळेत कुणाच्या उड्या जास्त.

सहावीतली चिनात्सु चाकांच्या खुर्चीत बसते. खेळाच्या तासाला तिनं कडेला थांबून इतरांच्या उड्या मोजायच्या, असंच चालत आलेलं. नव्या कुवाबारा बाईंनी ते मोडलं. खुर्चीला उडी कशाला हवी, म्हणाल्या. दोर वर असताना खालून निघून गेली की झालं.

पहिल्याच सरावात मी तिच्या पुढच्या छोट्या चाकात गुंतलो. खुर्ची कलंडली. चिनात्सुचा ओठ फुटला. मला फिरवणारा रेइजी पांढराफटक पडला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, पोरीला पुन्हा मोजायलाच बसवा. रेइजीलाही तेच हवं होतं.

"आपण हरू म्हणून नाही गं," तो तिला म्हणाला. "मला भीती वाटते."

"माझी भीती मी बघते. तू दोर फिरव."

बाईंनी मुख्याध्यापकांकडून क्रीडादिनापर्यंत मुदत मागून घेतली. मला फिरवणाऱ्यांना एकमेकांच्या जवळ उभं केलं, हात खांद्याच्या वर उचलायला लावले. माझी कमान उंच झाली. मी जमिनीवर आपटलो की त्याच आवाजावर चिनात्सुनं चाकं ढकलायची, असं ठरलं. सरावात कधी जमायचं, कधी मी तिच्या खांद्यावर सपकन बसायचो.

क्रीडादिनाला मैदान पालकांनी भरलं होतं. चिनात्सुची पाळी आली. मी आपटलो, ती हलली नाही. पुन्हा आपटलो, तरी नाही. मागची रांग तुंबली. वेळ चालला होता. कुणीतरी कुजबुजलं, "चल ना." तिची आई खाली मान घालून उभी. रेइजीचा तळवा घामानं भिजलेला, माझी मूठ त्यातून निसटू बघत होती. पण त्यानं वेग बदलला नाही.

"घाई नाही," तो म्हणाला. "मी फिरवतोय."

मी आपटलो. चाकं सुटली. मी वर चढलो, ती माझ्याखाली आली. आता मला थांबता येणार नव्हतं. मी खाली आलो तो तिच्या मागच्या चाकाच्या बोटभर मागे, नुसत्या मातीवर.

वर्ग जिंकला नाही. चिनात्सु मात्र तोवर वळसा घालून पुन्हा रांगेत लागली होती, आणि पुढच्याला "सरक की" म्हणत होती.

आता मधोमध माझे पीळ सुटलेत. नवा दोर आलाय. तो धरणाऱ्या पोरांनो, एवढंच मागतो: कुणी आत शिरताना थबकलं, तर हात थांबवू नका.