सॅल्मनच्या जागी सतरा नंबर

ताइमीला धुरी दिलेला सॅल्मन हवा होता. बाकी तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आमच्याकडे सोडतीशिवाय कुठलाच कार्यक्रम पार पडत नाही. चर्चचं छप्पर दुरुस्त करायचं असो, अग्निशामक दलाचा वाढदिवस असो, कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफीची पाकिटं, टॉवेल आणि एक मासा मांडलेला असतोच. आपण चिठ्ठी भरायची आणि डब्यात टाकायची. ताइमी, माझी बायको, चाळीस वर्षं न चुकता चिठ्ठी टाकते. आजवर तिला अकरा टॉवेल लागलेत. मासा एकदाही नाही.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी गावाबाहेरच्या रेतीच्या खाणीत जुन्या गाड्यांची शर्यत होती. तिचा एकच नियम महत्त्वाचा. शर्यतीत उतरलेली प्रत्येक गाडी त्याच संध्याकाळी ठरलेल्या, सगळ्यांना सारख्या किमतीला विकायला काढायची. ज्याला हवी त्याने अर्ज डब्यात टाकायचा, अर्ज जास्त आले तर चिठ्ठी काढायची. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे कोणी गाडीत पैसे ओतत नाही, आणि बड्या बापाची पोरंसुद्धा आमच्यासारखीच डबडी हाकतात.

आता आयोजकांनी मासा आणि अर्ज शेजारशेजारच्या टेबलांवर ठेवले, हा काही ताइमीचा दोष नाही. तिचा चष्मा घरी राहिला होता. अर्जात ‘क्रमांक’ असा रकाना होता, आणि तिच्या हातात कॉफीच्या रांगेचा सतरा नंबरचा बिल्ला होता. तिने सतरा लिहिलं. खाली सहीची जागा होती. मला म्हणाली, हल्ली माशालाही सही लागते, सरकार कुठल्या थराला गेलंय बघ. आणि सही ठोकली.

संध्याकाळी कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं, तेव्हा ती पिशवीचं तोंड उघडूनच उठली.

सतरा नंबरची गाडी आमच्या शेजाऱ्याची, ओइवाची. लांबलचक, मागे सामानाला जागा असलेली, रंग एकेकाळी निळा असावा. चार लाख ब्याण्णव हजार किलोमीटर पळालेली. त्यातले जवळजवळ सगळे ओइवाच्या बायकोने, सिर्काने काढलेले. सिर्का आमची गावनर्स. बर्फ असो, चिखल असो, ती ह्या गाडीतून घरोघर जायची आणि इंजेक्शनं टोचायची. आमच्या पंचक्रोशीतला एकही पार्श्वभाग तिला अनोळखी नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. ओइवाने गाडीत, उलटली तर जीव वाचावा म्हणून, लोखंडी पिंजरा बसवला, दारावर सतरा रंगवला आणि दर शर्यतीत शेवटचा यायला लागला. गाडी उभी राहिली की गंजते, म्हणायचा. नऊ वर्षांत त्या गाडीवर एकही अर्ज पडला नाही. ती दिसायला भयंकर होतीच, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गाडीवर अर्ज टाकायचा नसतो, हे कुठे लिहिलेलं नव्हतं एवढंच.

ओइवाने किल्ली ताइमीच्या हातात दिली, टोपीला हात लावला आणि पायी घरी गेला. पाच किलोमीटर. आम्ही त्याच गाडीतून मागोमाग निघालो, त्याच्याजवळ थांबलो, आत बस म्हणालो, तर म्हणाला, पाय मोकळे करतोय.

ताइमीने त्या रात्री काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली त्याच्या दाराच्या मुठीला अडकवून आलो. दुपारी ती आमच्या टपालपेटीत होती. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी ताइमी स्वतः गेली, दालचिनीचे गरम बन घेऊन. बन त्याने ठेवून घेतले.

“ओइवा, माझी चूक झाली रे. मला मासा हवा होता.”

“कागद तो कागद,” तो म्हणाला. “डब्यातून गेली. मी मागच्या दाराने परत घेतली तर उद्या सगळेच घेतील.”

मग ताइमीनेच वाट काढली. सप्टेंबरअखेर हंगामातली शेवटची शर्यत होती. गाडी पुन्हा उतरवायची, पुन्हा डबा येईल, ज्याला हवी त्याने कागद टाकावा. हे तिने कुंपणावरून ओइवाला ऐकवलं. तो ‘हं’ म्हणाला. चाळीस वर्षांच्या शेजारात मला त्याचे अकरा प्रकारचे ‘हं’ कळतात. हा बारावा होता.

बेत सोपा होता. गाडी आहे तशीच भिकार ठेवायची, ताइमीने ती बायकांच्या गटात शेवटून पहिली आणायची, म्हणजे ओइवाशिवाय कोणी अर्ज टाकणार नाही. टाकला तर तो टाकेल.

बेतात एकच खोट होती, ती म्हणजे मी. चौतीस वर्षं मी नगरपालिकेची बर्फ काढायची यंत्रं दुरुस्त केली. मला वाईट काम करता येत नाही. ही फुशारकी नाही, आजार आहे. बायको चालवणार म्हणून आधी ब्रेक पाहिले. ब्रेक पाहताना माझा पाय गाडीच्या तळातून थेट खाली गेला, तेव्हा पत्रा मारणं आलं. पत्रा मारताना सायलेन्सर हातात आला. हीटर लावून पाहिला तर आतलं उंदराचं घरटं ताइमीच्या तोंडावर उडालं. सगळा कापूस आणि बँडेज, सिर्काच्या पेटीतलं. ताइमीने ते केसांतून एकेक वेचलं, फेकलं नाही, बरणीत भरून ठेवलं.

दार काढून त्यावरचा सतरा नव्याने रंगवला, पण बाहेर पाऊस. रंग लवकर वाळावा म्हणून मी ते सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, नेऊन उभं केलं. संध्याकाळी सवयीने सौना तापवला, कपडे काढून आत गेलो आणि वाफेत विसरून त्या दाराला टेकलो. पुढचे दोन आठवडे माझ्या पाठीवर सतरा आकडा होता, आणि तोही उलटा. ताइमी म्हणाली, निदान हरवलास तर शोधायला बरं.

दुसरा गिअर अडकायचा. दांडीला तळहाताने एक ठोसा दिल्याशिवाय पडायचाच नाही. खालचं झिजलेलं रबर काढून मी नवं बसवलं. जुनं खोक्यात टाकलं, मी काही फेकत नाही. सीटवरची सिर्काने विणलेली उशी मात्र ताइमीने मला हात लावू दिली नाही.

सप्टेंबरच्या मध्याला मी गाडी सुरू केली. ताइमी ओट्यावर उभी राहून ऐकत होती. इंजिन शिलाईयंत्रासारखं चाललं होतं.

“हे काय करून ठेवलंस?” ती हळूच म्हणाली. “म्हाताऱ्या, आता ही सगळ्यांना हवी होणार.”

शर्यतीच्या दिवशी ऊन पडलं होतं. पहिल्या फेऱ्यांत ताइमी इतकी छान शेवटची आली की मला अभिमान वाटला. एका वळणावर तर तिने मागच्या मुलीला हात करून पुढे जायला सांगितलं. पण कुंपणाशी उभे असलेले बाप्ये गाडीकडे बघत नव्हते, कान देत होते. इंजिन लपवता येत नाही. दुपारपर्यंत सातआठ जणांच्या खिशात अर्ज दिसायला लागले, सगळे लांबच्या गावांचे, त्यांना सिर्का कशी ठाऊक असणार. ओइवा एकटा दूर उभा होता, हात खिशात. त्याच्या खिशात काय होतं ते कळत नव्हतं.

बायका सहाच होत्या म्हणून सगळ्यांना अंतिम फेरीत घेतलं. तिसऱ्या चक्करला डेअरीवाल्याच्या सुनेने ताइमीच्या मागच्या बंपरला ढुशी दिली. एकदा दिली, ताइमीने सोडून दिलं. दुसऱ्यांदा दिली, आणि मला लांबूनच तिचे खांदे दिसले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ते खांदे मी तीनदा पाहिलेत, तिन्ही वेळा आमच्या घरातली काही ना काही वस्तू कमी झाली.

तिने एक गाडी मागे टाकली, मग दुसरी. मी डोकं धरून बसलो. माझ्या शेजारच्या परगावच्या इसमाने पेनाचं टोपण काढलं.

शेवटच्या वळणावर गाडी वळलीच नाही. रेतीच्या चढावर सरळ चढली, वर क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि कलंडली. एक पूर्ण कोलांटी खाऊन चार चाकांवर उभी राहिली, घसरत खाणावळीच्या रिकाम्या तंबूत शिरली आणि तंबू अंगावर घेऊन पलीकडून बाहेर आली. मोहरीच्या चटणीचं पिंप बॉनेटवर आडवं झालं होतं. सोडतीचं टेबल आडवं झालं होतं. पुढच्या काचेवर, वायपरखाली नीट अडकलेला, सॅल्मन होता.

मी धावलो. माझ्या गुडघ्यांना ते अजून आठवतं. ताइमी खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट वाकडं, काखेत सिर्काची उशी.

“कोणाला लागलं तर नाही ना?” तिने विचारलं.

“नाही. तुला?”

“मी पिंजऱ्यात होते,” ती म्हणाली. मग माशाकडे बघून, “आता हा कोणाचा धरायचा?”

गाडीकडे बघवत नव्हतं. छप्पर बसलं होतं, मी सौनात वाळवलेलं दार दुमडलं होतं, आणि सगळं पिवळं. परगावच्या इसमाने पेनाला टोपण लावलं. एकेक करून खिशातले अर्ज सॉसेज खाल्लेले हात पुसायच्या कामी आले. फेरीनंतर अर्जांसाठी पंधरा मिनिटं असतात. ताइमी घड्याळाकडे बघत नव्हती, ओइवाकडे बघत होती. तेराव्या मिनिटाला तो चालत आला आणि डब्यात एक कागद टाकला.

शर्यत भरवणाऱ्या क्लबची सचिव हेल्वी. चर्चच्या कार्यालयात आयुष्य गेलेली, नियमावली उशाशी घेऊन झोपणारी बाई. अर्ज मुदतीतच तपासायची तिची शिस्त. तिने डबा उघडला, कागद काढला आणि चष्मा खाली केला.

“ओइवा, इथे खरेदीदार म्हणून सिर्काचं नाव आहे.”

ओइवाने कागद बघितला. गाडीचे कागद नऊ वर्षं सिर्काच्याच नावावर होते, त्याने कधी बदललेच नव्हते. गाडीचा फॉर्म म्हटल्यावर हात आपोआप तिचं नाव लिहून गेला होता.

“हा चालत नाही,” हेल्वी म्हणाली. “खोड आणि तुझं लिही. दीड मिनिट आहे.”

ओइवाने पेन घेतलं, त्या नावावर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. मोहरी बॉनेटवरून टपटपत होती. एक मिनिट राहिलं. ताइमीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठले.

“खोडता येत नाही,” ओइवा म्हणाला.

हेल्वीने नियमावली काढली. आधी पुढून चाळली, मग मागून. आमच्या देशात नियमावलीशी एवढी झटापट मी कोणाला करताना पाहिलेली नाही. सिर्काने हेल्वीच्या आईला शेवटची दोन वर्षं रोज सकाळी इंजेक्शन दिलं होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

“दोन नावं लिहू नयेत असं कुठे म्हटलेलं नाही,” शेवटी ती रुक्षपणे म्हणाली. “खाली जागा आहे. एक तरी जिवंत पाहिजे.”

ओइवाने सिर्काच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. हेल्वीने शिक्का मारला आणि नाक शिंकरलं, वारा फार आहे म्हणाली. वारा अजिबात नव्हता.

ते मुद्दाम होतं की नाही, हे मी ताइमीला विचारलेलं नाही. परतताना ती एवढंच म्हणाली की शेवटचं वळण जरा अरुंद आहे. सॅल्मन हेल्वीने नियमाप्रमाणे रद्द ठरवला. ताइमीला बारावा टॉवेल मिळाला.

गाडी आमच्याच शेडमध्ये आली. आता ओइवा रोज सकाळी येतो, छप्पर ठोकतो, बन खातो, आणि बारावा ‘हं’ आता त्याच्याकडून सर्रास ऐकू येतो. ताइमीने बरणीतला कापूस आणि उशी त्याच्या स्वाधीन केली. कापूस बघून तो बराच वेळ बाहेर लाकडं रचत होता, रचलेलीच.

मागच्या गुरुवारी तो सीटवर बसून गिअर टाकून बघत होता. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा.

“दुसरा अडकत नाही आता,” तो म्हणाला.

“रबर बदललंय मी. लोण्यासारखा पडतो.”

“हं.” त्याने तळहात दांडीवर ठेवला, ठोसा द्यायला उचलला आणि खाली घेतला. “सिर्का द्यायची. दर वळणाला. आधी ठोसा, मग मला एक शिवी.”

तो जेवायला घरी गेल्यावर मी खोक्यातून जुनं झिजलेलं रबर शोधून काढलं आणि गाडीखाली शिरलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी चांगलं चाललेलं काम मुद्दाम बिघडवलं. पण नीट बिघडवलं. आता गिअर ठोसा दिल्याशिवाय पडत नाही.