मामाची मांडी

रुतिकाने लेकीच्या मुठीतलं चॉकलेट काढून घेतलं आणि मोरीत टाकलं. तीन वर्षांची अस्मिता रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहिली.

"कोणी दिलं?"

"मामाआजोबांनी. मला मांडीवर घेणारेत."

रुतिकाची आई, मैना, गॅसपाशी वडे थापत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. करावे गावातल्या या घरात आज नातीचं जावळ. जावळ काढताना लेकराने मामाच्या मांडीवर बसायचं, हा रिवाज. रुतिकाला भाऊ नाही. मग काय, तिच्याच मामाला, गोटीरामला, बसवायचं ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय जातंय! सकाळी रुतिका ऐरोलीहून आली तेव्हा तो अंगणात पाटावर बसलेलाच होता. पांढराशुभ्र सदरा, मांडीवर कोरा टॉवेल. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. गल्लीतली पोरं त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली, म्हणे.

"आई, मामाच्या मांडीवर नको."

"मग कोनाच्या? बाप बसत नाय."

"माझ्या."

"येडी हायस का? लोकं काय बोलतील?"

बाहेरून हाक आली. आवाज तोच, मऊ, कसलीच घाई नसलेला.

"आन गं पोरीला. न्हावी खोळंबलाय."

रुतिकाने स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावली. इतक्या वर्षांत तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. आईला एकच भाऊ. तिचं माहेर म्हणजे तोच. ते तोडायचं कुणी?

"आई, मी आठ वर्षांची होते. तू मासळी घेऊन नेरूळच्या बाजारात जायचीस, तेव्हा मामा यायचा. मला आतल्या खोलीत न्यायचा. कुणाला सांगितलंस तर आई मरेल, म्हणायचा."

मैनाचा हात थांबला. कढईतला वडा काळा पडत गेला, तिने काढला नाही. रुतिका वाट बघत राहिली. आता खोटं बोलतेस म्हणेल, नाहीतर आत्ताच का उकरून काढतेस म्हणेल. दोन्ही उत्तरं तिने मनात कित्येकदा ऐकली होती.

दारावर टकटक झाली.

मैनाने गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले, कडी काढली. दारात गोटीराम होता; तो वळला, तशी त्याच्या मागोमाग ती अंगणात गेली. लेकीला कडेवर आवळून धरत रुतिकाही गेली.

तो पाटावर टेकला आणि त्याने हात पसरले.

"ये, बाय."

"ऊठ, दादा."

तो हसला. "मैना, मुहूर्त टळंल."

"ऊठ. आन् घरी जा. परत या दारात येऊ नको."

शेजारची म्हातारी सगुणाकाकू म्हणाली, "मामाबिगर जावल?" गोटीराम उठला, टॉवेल झटकला, चपला शोधू लागला. बहिणीने असं का केलं, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

मैना पाटावर बसली. नातीला मांडीवर घेऊन तिने न्हाव्याला मानेनेच खूण केली. वस्तरा चालू लागला. रुतिका शेजारी टेकली. एवढ्यावर आईने विश्वास कसा ठेवला, हे तिला विचारायचं होतं.

मैनाने अस्मिताचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. मान वर न करता, फक्त लेकीला ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली,

"मना वाटलेला, लहानपनी त्याच्या तावडीत सापडलेली मी एकटीच."